नरिमन पॉइंट

नरिमन पॉइंट : मुंबई शहराच्या दक्षिण भागातील, समुद्रात भराव घालून मिळविलेल्या जमिनीवर उभारलेला कार्यालयीन व सार्वजनिक इमारतींचा परिसर. मरीन ड्राइव्ह (नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग) हा किनाऱ्यालगतचा वक्राकार रस्ता दक्षिणेकडे जेथे संपतो, त्या टोकास हे नाव आहे. याच्या पश्चिमेस बॅकबे हा अरबी समुद्राचा उथळ उपसागर, पूर्वेस मंत्रालय व विधान भवन आणि दक्षिणेस कफ परेड हे भाग येतात. समुद्राकडून पाहताना प्रथम नजरेत भरते ती एअर इंडियाची २३ मजली इमारत. तिच्या शेजारी एक्सप्रेस टॉवर्स ही कार्यालयीन इमारत व ओबेरॉय टॉवर्स (आताचे ट्रायडंट) हे उंच हॉटेल असून, टोकाला राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राची नाट्यगृहे आहेत. कचेऱ्या, हॉटेले, नाट्यगृहे, बँका, राज्यशासनाची केंद्रे व लोकांना फिरण्यास मोकळा समुद्रकाठ ही सर्व एका लहानशा क्षेत्रात एकत्र आल्याने नरिमन पॉइंट हा संमिश्र वापराच्या नागरी विकासाचा भारतातील एक प्रारंभीचा नमुना मानला जातो. मात्र या मिश्रणात राहती घरे अगदी थोडी आहेत. या उणिवेचे परिणाम साऱ्या शहराला भोगावे लागले.

भरावाचा इतिहास : मुंबई हे मुळात सात बेटांचे शहर. बेटांमधील खाड्या बुजवून सलग जमीन करण्याचे काम अठराव्या शतकापासून चालू होते. बॅकबेचा उपसागर भरून काढण्याची कल्पना प्रथम मूळ धरू लागली ती १८६०–६५ या काळात. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला विलक्षण भाव आला आणि शहरात पैशाचा पूर लोटला. त्या लाटेत स्थापन झालेल्या बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजार रुपयांचा भाग त्याच्या दसपटीहून अधिक किमतीस विकला गेला. तोपर्यंत समुद्रातून जमीन मात्र जवळजवळ काहीच वर आली नव्हती. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि त्याबरोबर कंपनीही बुडाली. पुढे सरकारने किनाऱ्यालगत एक अरुंद पट्टी भरून घेतली व ती मुख्यतः लोहमार्गाच्या उपयोगी पडली.

दुसरा मोठा प्रयत्न गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड (कार्यकाल १९१८–२३) यांनी केला. यासाठी स्थापन केलेल्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड इ. ठिकाणच्या कामगारांच्या चाळीही बांधल्या; त्या आजही या खात्याच्या आद्याक्षरांवरून बीडीडी चाळी म्हणून ओळखल्या जातात. बॅकबे योजनेत एकूण १,१४५ एकर (सु. ४६३ हेक्टर) जमीन आठ विभागांत भरून काढावयाची होती. प्रथम समुद्रात दगडी भिंत घालावयाची, मग यांत्रिक गाळउपशा जहाजाने तळाचा गाळ उपसून नळांवाटे भिंतीच्या आत सोडावयाचा व शेवटी त्यावर मुरमाचा थर पसरावयाचा, अशी ही पद्धती होती. प्रत्यक्षात मऊ गाळ अंदाजापेक्षा पुष्कळच कमी निघाला आणि जो आत टाकला त्यातील बराचसा भिंतीच्या फटींतून पुन्हा समुद्रात गेला. खर्च अंदाजाबाहेर वाढत चालला. मुरूम व दगड यांसाठी कांदिवलीजवळची टेकडी फोडून तेथील माल रेल्वेने आणण्यात येत होता. लोक या योजनेला ‘लॉइडचा वेडेपणा’ म्हणू लागले.

या कामातील गैरव्यवहार मुंबई विधिमंडळात व वृत्तपत्रांतून उघड करण्यात खुर्शेद फ्रामजी नरिमन (१८८३–१९४८) हे पारशी वकील व काँग्रेसचे नेते आघाडीवर होते. विकास खात्यातील हार्वी नावाच्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. १९२६ ते १९२८ असा चाललेला हा खटला मुंबईत अतिशय गाजला व नरिमन त्यातून निर्दोष सुटले. १९३५–३६ मध्ये ते मुंबईचे महापौर झाले; पुढे १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे मुख्यमंत्रिपद मात्र त्यांच्याऐवजी बाळासाहेब खेर यांच्याकडे गेले. ज्या भरावावर त्यांनी कोरडे ओढले, त्याच भरावाच्या पुढील टप्प्याला स्वातंत्र्योत्तर काळात त्यांचे नाव देण्यात आले. हे नाव देणाऱ्यांना यातील विसंगती जाणवली असावी असे दिसत नाही.

आठांपैकी चारच विभाग (पहिला, दुसरा, सातवा व आठवा) त्या काळी पुरे झाले. त्यांचे क्षेत्र सु. ४३९ एकर भरले व त्यांतील २३५ एकर जमीन लष्कराने घेतली. उत्तरेकडील पहिल्या दोन विभागांवर १९३० नंतर मरीन ड्राइव्ह व ओव्हल मैदानासमोरील घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. त्यांची उंची व दर्शनी भाग यांवर बंधन असल्याने त्यांना जे एकसंध रूप लाभले आहे, ते पुढे नरिमन पॉइंटला लाभले नाही. ‘आर्ट डेको’ शैलीच्या या इमारती आणि मैदानापलीकडील व्हिक्टोरियन गॉथिक इमारती यांना युनेस्कोने २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला.

या योजनेचा आणखी एक परिणाम दीर्घकाळ टिकला. बाँबे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचे दक्षिणेकडील अंतिम स्थानक पूर्वी कुलाबा हे होते. भरावाच्या जमिनीच्या विकासासाठी चर्चगेटपासून कुलाब्यापर्यंतचा लोहमार्ग १९३० च्या अखेरीस बंद करण्यात आला व चर्चगेट हे अखेरचे स्थानक झाले. म्हणजे ज्या भागात पुढे हजारो लोक रोज कामाला येणार होते, त्या भागातील रेल्वे अगोदरच काढून टाकलेली होती.

१९६० नंतरचा विकास : महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर (१ मे १९६०) अपुरे राहिलेले विभाग भरून काढण्याचे काम राज्यशासनाने हाती घेतले. कोट (फोर्ट) भागातील कचेऱ्यांना जागा अपुरी पडू लागली होती. व्यापार, विमा, जहाजवाहतूक व बँका यांचा व्याप वाढत होता आणि शासनाचे सचिवालय (आताचे मंत्रालय) १९५५ पासून जवळच होते. शासनाच्या दृष्टीने भरावाची जमीन हे उत्पन्नाचे मोठे साधन होते. भराव घालण्यास येणारा खर्च आणि भूखंडाच्या पट्ट्याची किंमत यांत मोठी तफावत होती. शहराच्या इतर भागांपेक्षा येथे अधिक बांधकामास परवानगी असल्यामुळे ही तफावत आणखी रुंदावली. नरिमन पॉइंटच्या उंचीचे स्पष्टीकरण केवळ जागेच्या टंचाईत सापडत नाही; भूखंडाची किंमत जितकी चढी, तितके त्यावर मजले अधिक, हा हिशेब त्यामागे होता.

नेमक्या याच काळात याच्या अगदी उलट विचारही मांडला जात होता. मुंबई हे उत्तर-दक्षिण लांबट, निमुळते द्वीप असून दक्षिण टोकाला कचेऱ्या वाढवीत गेल्यास राहण्याची वस्ती उत्तरेकडे सरकत राहील आणि दररोज सकाळी सर्व लोंढा दक्षिणेकडे व संध्याकाळी उत्तरेकडे वाहील, असे वास्तुशिल्पज्ञ चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून दाखवून दिले. खाडीपलीकडे मुख्य भूमीवर जोडशहर वसवावे व शासनाची केंद्रेही तिकडे न्यावीत, असा त्यांचा आग्रह होता. शासनाने जोडशहराची कल्पना मान्य केली आणि १९७० मध्ये त्यासाठी सिडको ही संस्था स्थापन केली. परंतु सचिवालय खाडीपलीकडे गेले नाही आणि बॅकबेचा भराव थांबला नाही. एकाच शासनाने एका हाताने नवी मुंबई उभारावी व दुसऱ्या हाताने तिचे ग्राहक नरिमन पॉइंटवर अडवून धरावेत, असा हा प्रकार होता. नवी मुंबईत कचेऱ्या येण्यास जो विलंब लागला, त्याच्या कारणांत याची गणना केली पाहिजे.

भूखंड कोणाला व कोणत्या पद्धतीने दिले, हाही वादाचा विषय झाला. जाहीर लिलाव न करता ठराविक दराने निवडक बांधकाम व्यावसायिकांना भूखंड दिल्याबद्दल खासदार पिलू मोदी व इतरांनी १९७० नंतरच्या दशकात मुंबई उच्च न्यायालयात शासनाविरुद्ध दाद मागितली. मोदी स्वतः व्यवसायाने वास्तुशिल्पज्ञ होते. बॅकबे हे कोळ्यांचे जुने मासेमारीचे पाणी असल्याने मच्छीमारांचाही भरावाला विरोध होता. पुढे पर्यावरणाचा विचार प्रबळ होत गेला आणि केंद्र शासनाच्या १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेनंतर या उपसागरात व्यापारी बांधकामासाठी नवा भराव घालण्याचा मार्ग बंद झाला.

एअर इंडिया इमारत : परिसरातील ही सर्वांत परिचित इमारत १९७४ मध्ये पूर्ण झाली. तिचा आराखडा न्यूयॉर्कच्या जॉन्सन-बर्गी या वास्तुशिल्प संस्थेतील जॉन बर्गी यांचा आहे. समुद्राकडे तोंड करून उभा असलेला हा उंच, सरळ ठोकळा आहे. त्याच्या माथ्यावर बसविलेले धनुर्धारी अश्वमानवाचे (सेंटॉर) लाल प्रकाशचिन्ह रात्री मरीन ड्राइव्हवरून दुरून दिसे. तळघरात वाहने ठेवण्याची सोय आहे. राष्ट्रीय विमान कंपनीचे मुख्य कार्यालय असल्याने इमारतीला व्यापारी उपयोगापलीकडे एक प्रातिनिधिक स्थान होते. कंपनीने अनेक वर्षे जमविलेला चित्रे व शिल्पे यांचा मोठा संग्रहही येथेच होता.

अशा जमिनीवर उंच इमारत उभी कशी राहते, हा प्रश्न साहजिकच मनात येतो. भरावाची माती सैल असते. ती वर्षानुवर्षे दबत राहते आणि भरतीचे पाणी तिच्यातून आत-बाहेर करते. त्यामुळे इमारतीचा भार या थरावर टाकता येत नाही. भराव व त्याखालचा सागरी चिखल ओलांडून काळ्या बेसॉल्ट खडकापर्यंत भोके पाडतात, त्यांत लोखंडी सळयांचे सांगाडे सोडून काँक्रीट ओततात आणि अशा अनेक खांबांची (स्थूणांची) डोकी वर एका जाड काँक्रीटच्या टोपीने बांधून टाकतात. म्हणजे वरवर पाहता समुद्रावर उभ्या दिसणाऱ्या या इमारती वस्तुतः मुंबई बेटाच्या जुन्याच खडकावर टेकलेल्या आहेत. तळघर मात्र भरतीच्या पातळीखाली जात असल्याने ते पाण्यावर तरंगणाऱ्या डब्यासारखे वर उचलले जाऊ नये व झिरपू नये, याची वेगळी काळजी घ्यावी लागते.

दुसरा प्रश्न वाऱ्याचा. उंची वाढते तसा वाऱ्याचा आडवा दाब इमारतीला वाकवू पाहतो. अमेरिकेत गगनचुंबी इमारतींचा प्रारंभ शिकागोतील होम इन्शुअरन्स बिल्डिंग (१८८५) या दहा मजली इमारतीपासून मानतात. तेथे पोलादी सांगाड्याने हा प्रश्न सोडविला. भारतात त्या काळी बांधकामाच्या पोलादाची टंचाई होती, म्हणून मुंबईच्या उंच इमारती प्रामुख्याने प्रबलित काँक्रीटच्या झाल्या. लिफ्ट, जिने व नळ यांच्याभोवतीच्या काँक्रीटच्या भिंतींचा गाभा आडव्या दाबाला तोंड देतो. काँक्रीटचा दोष असा, की खारट, दमट हवेत त्याच्या बारीक भेगांतून क्षार आत शिरून सळया गंजतात. गंज फुगतो व वरचे काँक्रीट फुटून ढलप्या पडतात. पावसाळ्यात लाटांचे तुषार रस्ता ओलांडून थेट इमारतींवर येतात. त्यामुळे येथील इमारतींच्या डागडुजीचा खर्च शहरातल्या इतर इमारतींपेक्षा जास्त असतो. किनाऱ्याच्या भिंतीपुढे टाकलेले चौपायी काँक्रीटचे ठोकळे (टेट्रापॉड) लाटांचा जोर फोडतात. बसायला आलेली माणसे त्यांना समुद्राचाच एक भाग समजतात.

१२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या बाँबस्फोटांच्या मालिकेत या इमारतीच्या तळाशी स्फोट होऊन अनेक माणसे मृत्युमुखी पडली. इमारतीच्या सांगाड्याला धोका पोहोचला नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात शेजारचे ट्रायडंट व ओबेरॉय ही हॉटेले लक्ष्य झाली होती.

परिसरातील इतर वास्तू : एक्सप्रेस टॉवर्स ही २५ मजली इमारत १९७२ मध्ये पुरी झाली. तिचे वास्तुशिल्पज्ञ जोसेफ ॲलन स्टाइन यांची ख्याती मुख्यतः दिल्लीतील, बागांमधून विखुरलेल्या बुटक्या इमारतींबद्दल आहे; त्यांनी मुंबईत उंच मनोरा रचावा, हे अपवादात्मकच म्हटले पाहिजे. त्यानंतरच्या वर्षी ओबेरॉय टॉवर्स हे हॉटेल सुरू झाले. पाठोपाठ मेकर चेंबर्स, मित्तल टॉवर, दलामल टॉवर, तुलसियानी चेंबर्स, रहेजा चेंबर्स, बजाज भवन इ. इमारतींनी भूखंड भरून गेले. मादाम कामा मार्गावर भारतीय स्टेट बँक व भारतीय नौवहन निगम यांची मुख्य कार्यालये आली आणि १९८१ मध्ये विधिमंडळाच्या नव्या विधान भवनाचे उद्‌घाटन झाले.

या सर्वांत निराळे ठरले ते राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र. जमशेद भाभा व जे. आर. डी. टाटा यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे टाटा नाट्यगृह १९८० मध्ये नरिमन पॉइंटवर सुरू झाले. त्याचा आराखडा बर्गी यांचे भागीदार फिलिप जॉन्सन यांचा व ध्वनिरचना सिरिल हॅरिस यांची. भारतीय संगीताच्या मैफलीत गायक व श्रोता यांच्यात जी जवळीक लागते, ती ध्यानात घेऊन येथे रंगमंचाभोवती पंख्याच्या आकारात बैठक मांडली आहे. या बुटक्या, जवळपास खिडक्या नसलेल्या वास्तूने भूखंडाच्या बाजारभावाचा हिशेब बाजूस ठेवून टोकाची जागा अडविली, हे परिसराचे भाग्य होय.

रचना व उपयोग : न्यूयॉर्कमधील रॉकफेलर सेंटरशी तुलना केल्यास नरिमन पॉइंटचे वैशिष्ट्य व दोष दोन्ही स्पष्ट होतात. १९३० नंतरच्या दशकात उभारलेल्या त्या संकुलातही कचेऱ्यांचे मनोरे, मोठे नाट्यगृह व दुकाने एकत्र आहेत, आणि तेथील जमीनही भाडेपट्ट्यानेच (कोलंबिया विद्यापीठाकडून) घेतलेली होती. परंतु तेथे सबंध संकुल एका आराखड्याने रचले गेले आणि मध्यभागी सर्वांना खुला चौक राखला गेला. नरिमन पॉइंटवर प्रत्येक भूखंड वेगळा दिला गेला व प्रत्येक धारकाने आपल्यापुरती इमारत बांधून सभोवती कुंपण घातले. कोटातील दादाभाई नवरोजी मार्गावर (पूर्वीचा हॉर्नबी रोड) इमारतींच्या तळाशी सलग कमानींचा छायामार्ग ठेवण्याचा नियम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच करण्यात आला होता, त्यामुळे तेथे भर पावसात कोरड्याने चालता येते. जवळजवळ पाऊण शतकानंतर आखलेल्या नरिमन पॉइंटला तसा नियम लाभला नाही. पायी चालणाऱ्याला येथे आडोसा मिळतो तो पदपथावरील वडापाव व सँडविच विकणाऱ्यांच्या ताडपत्रीचा.

राहती घरे थोडी असल्याने परिसराचे जीवन घड्याळाला बांधलेले आहे. सकाळी चर्चगेटहून पायी, बेस्टच्या बसगाड्यांनी किंवा चौघांनी वाटून घेतलेल्या टॅक्सींनी माणसे येतात. दुपारी डबेवाले येऊन जातात. सायंकाळी सातनंतर कचेऱ्यांच्या मधले रस्ते ओस पडतात आणि त्याच वेळी शंभर-दोनशे पावलांवरचा समुद्रकाठ माणसांनी फुलतो. या काठावर बसायला काहीही मोल पडत नाही. सबंध योजनेत सामान्य मुंबईकराच्या वाट्याला निर्विवादपणे आलेली अशी हीच एक जागा आहे.

अलीकडील स्थिती : १९९५ च्या सुमारास नरिमन पॉइंटवरील कार्यालयीन जागेचे भाडे जगातील सर्वांत चढ्या भाड्यांत गणले जात होते. नव्या जागेचा पुरवठा नसणे हे त्याचे मुख्य कारण. त्यानंतर ओघ उलटला. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने मिठी नदीकाठच्या दलदलीच्या जागी उभारलेल्या वांद्रे-कुर्ला संकुलाकडे बँका, वित्तसंस्था व राष्ट्रीय शेअर बाजार गेले. ती जागा उपनगरांतील वस्तीला जवळची आणि इमारती नव्या होत्या. नरिमन पॉइंटच्या इमारती तोवर जुन्या झाल्या होत्या. त्यांची मालकी मजल्यागणिक, कधी खोलीगणिक विभागलेली असल्याने त्या पाडून नव्या बांधणेही अवघड झाले.

एअर इंडियाने आपले मुख्य कार्यालय २०१३ मध्ये दिल्लीस हलविले व इमारतीतील जागा भाड्याने दिली. २०२२ च्या जानेवारीत कंपनी टाटा समूहाकडे परत गेली, पण इमारत त्या व्यवहारात नव्हती. ती केंद्र शासनाच्या मालमत्ता कंपनीकडे राहिली. दरम्यान २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला मोठी आग लागून अनेक खाती इतरत्र हलवावी लागली होती व त्यांना जागा हवी होती. अखेर ही इमारत १,६०१ कोटी रुपयांस विकत घेण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला व २०२४ मध्ये केंद्राने तिच्या हस्तांतरणास मान्यता दिली. जमीन मुळात राज्यशासनाचीच, पट्ट्याने दिलेली. त्यापोटी येणे असलेली अनर्जित उत्पन्नाची व व्याजाची सु. २९८ कोटी रुपयांची रक्कम राज्याने या व्यवहारात सोडून दिली. इमारतीतून शासनाला सु. ४६,४७० चौ. मी. जागा मिळावयाची होती. अशा रीतीने जोडशहरात जावे म्हणून ज्या शासकीय कचेऱ्यांची शिफारस १९६५ मध्ये झाली होती, त्यांच्यासाठी सु. साठ वर्षांनी नरिमन पॉइंटवरच आणखी २३ मजले घेण्यात आले.

वाहतुकीची सोय मात्र पालटली आहे. मरीन ड्राइव्हला वरळीशी जोडणाऱ्या किनारा मार्गाचा पहिला भाग मार्च २०२४ मध्ये खुला झाला. आरे ते कफ परेड हा भुयारी मेट्रोमार्ग (लांबी सु. ३३·५ किमी., २७ स्थानके) टप्प्याटप्प्याने सुरू होऊन त्याचा दक्षिणेकडील अखेरचा भाग ऑक्टोबर २०२५ मध्ये वाहतुकीस खुला झाला. विधान भवनाजवळ त्याचे स्थानक असून चर्चगेटच्या दक्षिणेस रेल्वे पुन्हा धावू लागली आहे.